हरित इमारतीच्या दारी सायकल

मराठवाड्यातील शहरांची सकाळ आजही बऱ्याच अंशी सायकलीवरून सुरू होते. लातूरच्या शिकवणी वर्गांकडे जाणारे विद्यार्थी, नांदेडच्या वस्त्यांतून दूध व वृत्तपत्रे पोहोचविणारी मुले, रुग्णालयात पहिल्या पाळीला येणारे सफाई कामगार आणि रात्रपाळी संपवून घरी परतणारे पहारेकरी यांचा प्रवास अनेकदा सायकलीनेच होतो. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याच्या साधनांची नोंद घेण्यात आली. शेती व घरगुती उद्योग वगळून अन्य कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलीने, तर २२ टक्क्यांहून अधिक लोक पायी कामावर जातात, असे त्यावरून दिसून आले. त्यानंतर मोटारसायकलींची संख्या झपाट्याने वाढली हे खरे. तथापि ज्याला पेट्रोलचा खर्च परवडत नाही, त्याचा सायकलीचा आधार सुटलेला नाही.

याच काळात आपल्या शहरांतून 'हरित इमारत' ही संकल्पना रुजू लागली आहे. विजेची व पाण्याची बचत, कचऱ्याची योग्य विल्हेवाट, वृक्षसंवर्धन अशा अनेक कसोट्यांवर इमारतीची पारख करून तिला मानांकन दिले जाते. त्यांपैकी एक कसोटी सायकलीने येणाऱ्यांच्या सोयींविषयी आहे. ही कसोटी नेमकी काय सांगते, नांदेड व लातूरसारख्या शहरांत ती कशी अंमलात आणावी आणि तिचा खरा लाभ कोणाला मिळावा, याचा विचार अगत्याने व्हावयास हवा.

हरित मानांकन म्हणजे काय?

भारतात हरित इमारतींच्या चळवळीला संघटित रूप आले ते २००१ साली. त्या वर्षी भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल ही संस्था स्थापन झाली. या संस्थेचे मुख्यालय हैदराबाद येथे आहे. त्याच शहरातील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर या वास्तूचे उद्घाटन २००४ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. अमेरिकेबाहेर 'लीड' पद्धतीचे प्लॅटिनम हे सर्वोच्च मानांकन मिळविणारी ती पहिली इमारत होय.

आज आपल्याकडे प्रामुख्याने तीन मानांकने प्रचलित आहेत. पहिले, वर उल्लेखिलेल्या कौन्सिलचे. दुसरे, 'टेरी' संस्था आणि केंद्र शासनाचे अपारंपरिक ऊर्जा खाते यांच्या सहकार्याने विकसित झालेले 'गृह'. आणि तिसरे, मूळ अमेरिकेतील 'लीड'. या सर्वांची कार्यपद्धती साधारणतः सारखी आहे. काही बाबी अनिवार्य असतात. उरलेल्या बाबींना गुण दिलेले असतात आणि एकूण गुणांवरून इमारतीची श्रेणी ठरते. 'लीड'च्या चौथ्या आवृत्तीत एकूण ११० गुण आहेत. ४० गुणांना प्रमाणपत्र, ५० गुणांना रौप्य, ६० गुणांना सुवर्ण आणि ८० गुणांना प्लॅटिनम श्रेणी मिळते.

सायकलीची कसोटी

सायकलीच्या सोयींसंबंधी सर्वांत तपशीलवार निकष 'लीड'मध्ये आढळतात. २०१३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत कार्यालयासारख्या इमारतीसाठी चार गोष्टी अपेक्षिल्या आहेत. पहिली गोष्ट थोड्या वेळासाठी येणाऱ्या अभ्यागतांची. गर्दीच्या वेळी जितके अभ्यागत येतात, त्यांच्या किमान अडीच टक्के लोकांच्या सायकलींना जागा हवी. दुसरी गोष्ट इमारतीत नित्य काम करणाऱ्यांची. त्यांच्यापैकी किमान ५ टक्के लोकांसाठी दिवसभर सायकल ठेवता येईल अशी आच्छादित व सुरक्षित जागा असावी. या दोन्ही प्रकारच्या जागा प्रत्येकी चारपेक्षा कमी असता कामा नयेत आणि त्या प्रवेशद्वारापासून सुमारे ३० मीटरच्या आत असाव्यात. तिसरी गोष्ट स्नानाची. पहिल्या १०० कर्मचाऱ्यांसाठी एक आणि त्यापुढील प्रत्येक १५० कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक शॉवर, तसेच कपडे बदलण्याची सोय करावी लागते. चौथी गोष्ट रस्त्याची. सायकलीला योग्य असा मार्ग इमारतीपासून सुमारे १८० मीटरच्या आत असला पाहिजे.

निवासी इमारतींसाठी निकष अधिक कडक आहे. रहिवाशांच्या किमान ३० टक्के, परंतु प्रत्येक सदनिकेमागे निदान एक, इतक्या सायकलींची कायम जागा तेथे अपेक्षित आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या कार्यालयात ४०० कर्मचारी काम करतात आणि गर्दीच्या वेळी तेथे २०० अभ्यागत असतात असे समजू. या हिशेबाने कर्मचाऱ्यांसाठी २० आणि अभ्यागतांसाठी ५ सायकलींची जागा लागेल. स्नानासाठी तीन शॉवर पुरेसे होतील. एका मोटारीला अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते. तेवढ्याच जागेत सुमारे दहा सायकली उभ्या राहू शकतात. म्हणजेच ४०० जणांच्या कार्यालयाची ही गरज अडीच ते तीन मोटारींच्या जागेत भागते. इतक्या थोड्या जागेत इतक्या लोकांची सोय करणारी दुसरी कोणतीही व्यवस्था नाही.

या साऱ्या तरतुदींना ११० पैकी केवळ एक गुण आहे आणि तो मिळविणे ऐच्छिक आहे. याचा अर्थ असा की, एकाही सायकलीला जागा न देता एखादी इमारत सर्वोच्च श्रेणी मिळवू शकते. उलटपक्षी, हा गुण मिळविण्यासाठी कोपऱ्यात चार लोखंडी दांडे रोवून प्रमाणपत्रापुरती पूर्तता करणेही अशक्य नाही. निकषाचा शब्द पाळला गेला, परंतु सायकलस्वाराला उपयोग झाला नाही, असे होऊ नये यासाठी त्यामागील हेतू समजून घेणे आवश्यक ठरते.

पाच टक्के कोणाचे?

हे निकष मुख्यतः अशा देशांत आकाराला आले की जेथे कर्मचारी मोटारीने येतो आणि त्याने मोटार सोडून सायकल घ्यावी, अशी अपेक्षा असते. आपल्याकडील स्थिती याहून भिन्न आहे. येथे सायकलीने येणारा माणूस आधीपासूनच सायकलीने येत आहे. तो बहुधा शिपाई, पहारेकरी, माळी, सफाई कामगार किंवा उपाहारगृहातील पोऱ्या असतो. त्याला सायकलीचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. त्याला गरज आहे ती फाटकातून आत येण्याची आणि सायकल निर्धास्तपणे ठेवण्याची.

अनेक नव्या संकुलांत नेमकी हीच अडचण असते. मोटारी व मोटारसायकलींच्या जागा आखलेल्या असतात, सायकलीची जागा आखलेली नसते. मग सायकल कुंपणाच्या भिंतीला टेकवून रस्त्यावर ठेवावी लागते. ती चोरीस गेली तर कामगाराचे वाहन जातेच, शिवाय वेळेवर कामावर पोहोचण्याचे साधनही जाते. रोजच्या रिक्षाभाड्याचा बोजा त्याच्या तुटपुंज्या पगारावर पडतो. गृहसंकुलांतून धुणीभांडी करणाऱ्या महिला दिवसाला चार-पाच घरे करतात. त्यांच्यापैकी जी महिला सायकल चालविते, तिचा वेळ व पायपीट वाचते. परंतु सायकल बाहेर ठेवावी लागत असल्यास तिचे लक्ष कामात लागत नाही.

म्हणून 'नित्य काम करणारे' या शब्दांचा अर्थ लावताना केवळ कायम कर्मचाऱ्यांची यादी पुढे ठेवणे योग्य होणार नाही. कंत्राटी कामगार, पाळीवर येणारे पहारेकरी आणि घरकाम करणाऱ्या महिला यांचीही गणना व्हावयास हवी. किंबहुना आराखडा तयार करण्यापूर्वी वास्तुविशारदाने परिसरातील जुन्या कार्यालयांच्या दारी सकाळी उभे राहून प्रत्यक्ष सायकली मोजाव्यात. ही मोजणी ५ टक्क्यांच्या ठोकताळ्यापेक्षा अधिक विश्वसनीय ठरेल. निकषातील आकडा हा किमान आहे, त्याहून अधिक जागा देण्यास कोणताही प्रतिबंध नाही.

मुलींच्या दृष्टीनेही या प्रश्नाला महत्त्व आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाखाली नांदेड जिल्ह्यासह राज्यातील १२५ तालुक्यांत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. गावात सायकलीवरून शाळेला गेलेली मुलगी पुढे शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी शहरात येते. तेव्हा वसतिगृहात व कार्यालयात सायकल ठेवण्याची सोय नसेल, तर शाळेत असताना लाभलेले स्वातंत्र्य तिला शहरात गमवावे लागते.

सायकल स्टँड कसा असावा?

आपल्याकडे चाक अडकविण्याच्या खाचा असलेला स्टँड सर्रास आढळतो. त्यात सायकलीचा सारा भार पुढच्या चाकावर येतो. शेजारच्याने धक्का दिला की चाकाची कड वाकते. शिवाय त्यात केवळ चाकच साखळीने बांधता येते. याऐवजी उलट्या 'यू' आकाराचा, जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी नळ अधिक उपयुक्त असतो. त्याला सायकलीचा सांगाडा टेकतो आणि सांगाडा व चाक दोन्ही कुलूपबंद करता येतात. अशा एका नळाच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन सायकली राहतात. दोन नळांमध्ये सुमारे एक मीटर अंतर ठेवावे, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. सायकलीच्या लांबीसाठी दोन मीटर आणि मागे वळविण्यासाठी निदान दीड मीटर जागा मोकळी सोडावी.

भिंतीवर उभ्या टांगण्याचे स्टँड परदेशांत जागा वाचविण्यासाठी वापरतात. आपली साधी काळी सायकल, मागे कॅरियर व स्टँडसह, चांगलीच वजनदार असते. ती उचलून टांगणे महिलांना व वयस्क माणसांना जड जाते. यासाठी येथे जमिनीवरील स्टँडच सोयीचा.

स्टँड तळघरात नेण्याचा मोह टाळावा. मोटारींच्या तीव्र उतारावरून सायकल खाली नेणे धोक्याचे आणि वर चढविणे कष्टाचे असते. तळघराच्या अंधाऱ्या टोकाला जाण्यास महिला कचरतात हेही ध्यानात ठेवावे. फाटकाजवळ, पहारेकऱ्याच्या नजरेसमोर, दिव्याच्या उजेडात असलेली जागा सर्वांत सुरक्षित होय. फाटकापासून स्टँडपर्यंत पायऱ्या नसाव्यात. जेथे चढ अटळ असेल तेथे तो बारास एक या प्रमाणात सौम्य ठेवावा. हवा भरण्याचा एक पंप आणि पंक्चर काढण्याचे साहित्य ठेवले, तर अल्प खर्चात मोठी सोय होते.

ऊन आणि पाणी

मराठवाड्याच्या हवामानाचा विचार केल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. उन्हाळ्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या सायकलीची बैठक तापून बसवत नाही, रबर लवकर झिजते आणि भरपूर हवा भरलेली ट्यूब फुटण्याचा संभव असतो. म्हणून येथे आच्छादनाला निकषापुरते नव्हे, तर प्रत्यक्ष गरजेचे स्थान आहे. केवळ पत्र्याचे छप्पर उष्णता खाली सोडते. त्यापेक्षा कडुनिंबासारख्या दाट सावलीच्या झाडांखालील जागा निवडावी किंवा छपरावर सौर पट्ट्या बसवाव्यात. त्यामुळे सायकलींना सावली आणि इमारतीला वीज असा दुहेरी लाभ होतो. पश्चिमेकडून येणारे दुपारचे ऊन आणि पावसाळ्यातील तिरपे झड अडविण्यासाठी छप्पर पुढे काढणेही जरूर आहे.

स्नानाच्या सोयीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. लातूरला मांजरा धरणातून पाणीपुरवठा होतो. २०१६ च्या दुष्काळात हा स्रोत आटला आणि शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली पाणीगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ज्या शहराने ते दिवस पाहिले, त्या शहरात शॉवरची संख्या वाढविणे हे हरित इमारतीचे लक्षण कसे मानावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

या प्रश्नाला व्यवहार्य उत्तर आहे. साधा शॉवर मिनिटाला सुमारे दहा लिटर पाणी सोडतो. म्हणजे पाच मिनिटांच्या स्नानास ५० लिटर पाणी लागते. बादली व तांब्या घेऊन स्नान केल्यास १५ ते २० लिटर पुरतात. अनेकांना तर हात, पाय व तोंड धुऊन सदरा बदलला तरी पुरेसे होते. तेव्हा निकषाच्या पूर्ततेसाठी कमी पाण्याचे शॉवर बसवावेत. परंतु त्याच न्हाणीत नळ, बादली आणि कपडे अडकविण्याच्या खुंट्याही असाव्यात. न्हाणीचे सांडपाणी गाळून शौचालयासाठी किंवा स्टँडभोवतीच्या झाडांसाठी वापरावे. जे पाणी सायकलस्वाराने वापरले त्यानेच त्याच्या सायकलीवरची सावली वाढेल. महिलांसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारी खोली असणे अत्यावश्यक आहे. तसेच या खोल्यांच्या किल्ल्या केवळ अधिकाऱ्यांकडे न राहता कंत्राटी कामगारांनाही त्या वापरता आल्या पाहिजेत.

फाटकाबाहेरचा रस्ता

इमारतीत कितीही उत्तम सोय केली तरी रस्ता सुरक्षित नसेल तर ती ओस पडते. याबाबतीत दोन्ही शहरांना निसर्गाची व इतिहासाची अनुकूलता आहे. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात आणि शहर या केंद्राभोवती वाढलेले आहे. सायकलीचा ताशी १५ किलोमीटर हा सामान्य वेग धरला, तर ५ किलोमीटरचे अंतर वीस मिनिटांत कापता येते. शहरातील बहुतेक दैनंदिन प्रवास एवढ्या टप्प्यात बसतो.

नांदेडचा अनुभव या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा येथे साजरा झाला. तत्पूर्वी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाखाली शहरातील प्रमुख रस्त्यांची नव्याने बांधणी करण्यात आली. त्या आराखड्यांत पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी वेगळी जागा कल्पिली होती. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातील, रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना वाटून द्यावी, या तत्त्वाशी ते सुसंगत होते. अशा पट्ट्यांवर वाहने उभी राहू लागली किंवा हातगाड्या लागल्या, की सायकलस्वार पुन्हा भरधाव वाहनांच्या गर्दीत लोटला जातो. म्हणून रस्ता बांधण्याइतकेच तो मोकळा राखणे महत्त्वाचे आहे. गोदावरीपलीकडे विष्णुपुरी परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या मोठ्या संस्था आहेत. हे अंतर शहरातून रोज सायकलीने कापणे सर्वांना शक्य नाही. परंतु परिसरातच राहणारे विद्यार्थी, परिचारिका व कर्मचारी यांच्यासाठी वसतिगृह, वर्ग व रुग्णालय यांना जोडणारी सायकलीची सोय निश्चितच उपकारक ठरेल.

हॉलंडमधील युट्रेख्ट शहराच्या रेल्वे स्थानकाखाली २०१९ साली साडेबारा हजार सायकलींचा स्टँड पूर्ण झाला. आपल्याला तेवढ्या मोठ्या वास्तूची गरज नाही. परंतु सायकल ठेवण्याची जागा हाही प्रवासाचाच भाग आहे, हा त्यातील धडा घेण्याजोगा आहे.

शासनाचे प्रोत्साहन

हरित इमारतींना उत्तेजन देण्यासाठी शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत तरतूद केली आहे. नांदेड-वाघाळा व लातूर या दोन्ही महानगरपालिकांच्या क्षेत्रांत ही नियमावली लागू आहे. तीनुसार 'गृह'ची तीन तारे किंवा अन्य पद्धतीतील रौप्य श्रेणी मिळविणाऱ्या इमारतीस पायाभूत चटई क्षेत्र निर्देशांकावर ३ टक्के, चार तारे किंवा सुवर्ण श्रेणीस ५ टक्के आणि पाच तारे किंवा प्लॅटिनम श्रेणीस ७ टक्के जादा चटई क्षेत्र मिळते. कबूल केलेली श्रेणी प्रत्यक्षात न मिळविल्यास दंडाची तरतूदही आहे.

हे जादा चटई क्षेत्र म्हणजे समाजाने विकासकाला दिलेली सवलत होय. सवलतीच्या मोबदल्यात समाजाला काय मिळाले, हे विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे. सदनिका खरेदी करणाऱ्याने मानांकनाचे प्रमाणपत्र पाहताना सायकलीचा गुण घेतला आहे काय आणि नकाशात त्याची जागा कोठे दाखविली आहे, हे अवश्य पाहावे.

देखभाल आणि दृष्टी

नव्या इमारतीची श्रेणी ठरते ती बांधकाम पूर्ण होताना. सोयींचा कस लागतो तो पुढील वर्षांत. आज आखलेली सायकलींची जागा उद्या मोटारसायकलींनी व्यापली जाते, न्हाणीत झाडू व जुने फर्निचर साठविले जाते. गृहनिर्माण संस्थांनी व कार्यालय प्रमुखांनी ही जागा ठळक पट्टे मारून राखून ठेवावी आणि वर्षातून निदान एकदा तिची पाहणी करावी. ज्या जुन्या इमारतींना कोणतेही मानांकन नाही, त्यांनाही फाटकाजवळील सावलीत चार-सहा नळ रोवणे सहज शक्य आहे. त्यासाठी ना प्रमाणपत्र लागते, ना मोठा खर्च.

इमारत हरित आहे की नाही हे दर्शनी भागावरील फलकावरून कळते. ती माणसांसाठी आहे की नाही हे मात्र पहाटे पहिल्या पाळीला येणाऱ्या सफाई कामगाराची सायकल कोठे उभी राहते, यावरून कळेल. ती कुंपणाबाहेर न राहता आत, सावलीत, कुलूप लावून उभी राहील, तेव्हाच नांदेड-लातूरच्या हरित इमारतींनी तो एक गुण खऱ्या अर्थाने मिळविला असे म्हणता येईल.